पत्रा क्रमांक सत्तेचाळीस

पुंता अरेनासला सूर्य उत्तरेकडून येतो,
म्हणून सगळे पत्रे उत्तरेला तोंड करून,
पंचेचाळीस अंशांत कललेले,
दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखे.
सामुद्रधुनीवरचा वारा
पाठ थोपटत नाही कुणाची, सरळ ढकलतो.

एदेल्मिरा बार्रिया सोमवारी येते.
टोपी हनुवटीखाली बांधलेली, खिशात
काळं फडकं, भिंग आणि अर्धा पाव.
फडकं एकदाच फिरवायचं, सारख्या दाबानं,
मग त्यावर किती पांढरं उतरलं ते बघायचं.
रंग उडाला, म्हणतात लोक.
उडत नाही तो. त्याचं पीठ होतं.
ऊन दळत असतं, घरघर न करता.

ऑक्टोबरात इथलं आभाळ विरतं,
गुडघ्यावर विरते तशी विजार.
शाळेच्या दारात जांभळा झेंडा चढतो,
पोरं बाह्या खाली ओढतात.
पत्र्यांना बाह्या नाहीत.

सत्तेचाळीस निळा होता.
पोलादावर जस्त, जस्तावर प्लास्टिकचा जाड निळा थर,
त्यावर कारखान्याची वीस वर्षांची हमी.
सहाव्या वर्षी चकाकी गेली.
नवव्या वर्षी कापलेल्या कडेनं साल सुटली,
भाजलेल्या नाकाची सुटते तशी.
ती वहीत लिहिते: वरची कड, तीन मिलिमीटर.
तिच्या नाकाबद्दल वहीत काही नाही.

प्रत्येक पत्र्याचा एक जुळा कपाटात असतो.
फ्लॅनेलात गुंडाळलेला, कुलपात,
उन्हाशी ओळखच नसलेला.
वर्षातून एकदा दोघांना शेजारी ठेवायचं.
हा मूळ. हा झालेला.

यंदा तिनं जुळा खिडकीशी नेला
आणि तिथंच थांबली.
"यांको, हा पिवळट वाटतो का रे?"
यांकोनं चष्मा पुसला, मग भिंग,
मग खिडकीची काचसुद्धा.
पिवळट होता.
अंधारानंही आपलं काम उरकलं होतं,
सावकाश, हमीच्या कागदात नाव न येऊ देता.

"मग इतकी वर्षं आपण
कशाशी ताडून बघत होतो?"
ती बोलली नाही.
वहीत एक नवा रकाना आखला, पट्टी न घेता,
वर लिहिलं: कपाट.

तिच्या घरावर तोच निळा आहे.
उरलेले पत्रे कारखान्यानं कामगारांना वाटले होते.
त्यांना क्रमांक नाहीत,
फडकं लावायला ती कधी शिडी चढलेली नाही.
आई विचारते, छप्पर कसं आहे गं?
ती बूट काढता काढता सांगते,
गळत नाही अजून.