अनुस्वाराएवढी खाच

डॉक्टरांना सांगितलं, गुडघ्यांसाठी.
ते हसले. गुडघ्यांसाठी कुणी कडे चढत नाही, बर्गेबाई.
लेकीला फोनवर सांगितलं, जरा मोकळी हवा.
शाहूपुरीतल्या भिशीत काहीच सांगितलं नाही,
हाताला काय झालं विचारलं तेव्हा म्हटलं,
किसणी लागली.

खरं असं, की इन्स्टिट्यूट बंद केली त्या जूनमध्ये
अठरा मशीन भंगारवाल्याने किलोवर नेली.
टेम्पो पोवई नाक्याकडे वळेपर्यंत
आतून घंट्यांचा आवाज येत राहिला,
खड्ड्याखड्ड्याला एकेक ओळ संपल्यासारखा.

मग बोटं रिकामी झाली.
पोळपाटावर, बसच्या दांडीवर, झोपेत चादरीवर
ती टाइप करत राहायची
कुणालाही न जाणारी पत्रं:
महोदय, वरील विषयास अनुसरून.

शाहिस्ता मुलाणी,
तीस शब्दांना दोनदा नापास झालेली माझी विद्यार्थिनी,
आता पोरांना कातळ चढायला शिकवते
यवतेश्वरच्या घाटात, दर रविवारी.
म्हणाली, बाई, नुसतं बघायला या.
गेले. चपला घालून, थर्मास घेऊन.

त्या दिवशी जमिनीपासून वर गेले ती
एका म्हशीच्या उंचीएवढी.
तिथे अडकले.
उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला,
आणि खालून शाहिस्ता ओरडली तेच,
जे मी तिच्या पाठीमागे उभी राहून
दोन वर्षं ओरडले होते:
खाली बघायचं नाही! बोटांना माहीत असतं!

डाव्या करंगळीच्या वाट्याला मशीनवर अनुस्वार यायचा.
सगळ्यात दुबळं बोट, सगळ्यात लहान खूण.
पोरी नेमका तोच विसरायच्या,
मी लाल पेनाने द्यायचे.
आणि इथे काळ्या दगडात
वाऱ्याने की पाण्याने कोरलेली
अनुस्वाराएवढी एक खाच,
करंगळीच जाईल इतकी,
आणि तिच्यावर मी. अख्खी. अडुसष्ट किलो.

सुरुवात झाली ती अशी.
पण पुढे का जात राहिले, त्याचं उत्तर हे नव्हे.
दुसऱ्या वर्षापर्यंत बोटं मशीन विसरूनही गेली होती.
त्याच वर्षी घसरले, दोर ताणला गेला, कोपर सोललं,
तरी पुढच्या रविवारी
साडेसहाची कासची एसटी पकडली.
कारण शोधत बसले असते तर एसटी चुकली असती.

मधल्या टप्प्यावर चैत्रात आग्यामोहोळ असतं.
त्याच्या बाजूने जाताना बोलायचं नाही,
अत्तर नको, केसांना तेलसुद्धा नको.
एकदा पोळं चाळवलं,
आणि मी पाऊण तास होते तशीच,
गाल दगडाला लावून, श्वास हळू.
दगडाला तापल्या तव्याचा वास.
जिथे मला अंगठा टेकायला जागा नव्हती
तिथून एक मुंगी चालली होती निवांत
कसलंसं पंख ओढत.
चोवीस वर्षं मी चुका मोजत आले,
लोकांच्या, मग घरच्यांच्या, रात्री स्वतःच्या.
त्या पाऊण तासात
एकही सापडली नाही.
शोधायचं राहूनच गेलं.

वर तसं काही नसतं.
करवंदीची जाळी, गुटख्याची पुडी,
समोर अजिंक्यताऱ्यावरचे टॉवर.
खाली सातारा पसरलेला, त्यात मी माझी गच्ची शोधते.
निळी टाकी आहे. सगळ्यांच्याच निळ्या टाक्या आहेत.
शाहिस्ता म्हणते, ती बघा, ती.
मी हो म्हणते. ती माझी नसते.

कड्याच्या डाव्या अंगाला एक फुगीर जागा आहे,
तिथून मी सातदा पडले.
म्हणजे दोरावर लोंबकळले, पोरं मोजतात.
शाहिस्ता काही बोलत नाही,
नापास होणं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हल्ली सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीला
चार बोटं अडकवून लोंबते,
मग तीन,
मग करंगळीवर थोडा भार टाकून बघते.
मागे दूध उतू जातं.
जाऊ दे.
अजून दोन आकडे मोजायचे आहेत.