पाणी मुरत नाही

लीट्रिमच्या या उतारावर
जमीन घेण्याआधी लोक मला बोलावतात.
डिगर माझा. दिवसाचे तीनशे युरो,
खड्डा दोन मीटर खोल.

आज डर्व्हला आली, आणि तिचा तो अबोल ओइन.
तिनं पाकिटाच्या पाठीवर घर काढलेलं,
स्वयंपाकघराची खिडकी तळ्याकडे.
"इथून," ती गवतात उभी राहून म्हणाली,
"इथून दिसेल."

गवत कुठलं, लव्हाळी ती.
लव्हाळी वाचता आली असती
तर तीनशे वाचले असते.
पण मी बोलत नाही. खणतो.

वीतभर काळी माती,
मग निळसर चिकण, ओल्या साबणासारखी,
बादलीला लागली ती सुटेना.
शेजारच्या लहान खड्ड्यात
मॉलकीनं कालच पाणी ओतून ठेवलेलं.
त्यानं पट्टी बुडवली, घड्याळ पाहिलं,
पट्टी पुसली,
पुन्हा बुडवली.

जमिनीच्या व्यवहारात विचारावं म्हणतात,
पाणी कुठं मुरतंय?
इथं मुरतच नाही.

मग आकडे. भराव, वेगळी टाकी, पायाखाली पाइल,
रस्त्यापासून विजेचे खांब.
ओइन पहिल्यांदा बोलला,
"म्हणजे जमिनीहून महाग."
कोणी हो म्हणालं नाही.

डर्व्हला काठावर उकिडवी बसली.
खाली एक ढग येऊन थांबला होता.
तिनं पाकीट उलटं केलं
आणि पत्त्याच्या बाजूला
बेरीज मांडू लागली.

मी बुजवायला घेतलं.
काढलेली माती
परत तेवढ्यात मावत नाही कधी.
उरलेल्या उंचवट्यावरून
डिगर दोनदा नेला.