चौरस मीटरला किती डोकी

खुर्चीत बसलं की वाल्बुर्गा आधी माझी मान वाकवते,
मग हिशेब काढते.
युरोत नाही. डोक्यांत.

म्युनिकमध्ये एक चौरस मीटर घर म्हणजे
तीनशे चाळीस डोकी,
भाडं, वीज, शाम्पू वजा जाता.
"नुसती ही खुर्ची मावेल एवढी जागा घ्यायची
तर नाताळपर्यंत कापत राहायचं.
आणि मी निजू कुठे? खुर्चीखाली?"
कात्री कानापाशी थांबते.
मी हसत नाही. कान माझा आहे.

आउग्सबुर्गला एकशे नव्वद.
लान्ड्सहूटला त्याहून थोडी कमी,
पण तिथे नणंद राहते, म्हणून ते शहर बाद.
आणि पार वर, चेक सरहद्दीला टेकलेलं होफ:
चाळीस!
शुक्रवार-शनिवारचं काम.

इथल्या नव्या मालकाचं पत्र आरशात खोचलेलं आहे.
जाड कागद, शाईची सही, सप्रेम नमस्कार,
आणि जूनपासूनचा आकडा.
बिनपाण्याची हजामत.
धंदा हिचा, हात त्याचा.

मागच्या मंगळवारी होफला जाऊन आली.
तीन खोल्या, लाकडी जमीन, मागे अक्रोडाचं झाड.
ही एकदा "कोणी आहे का" म्हणाली,
घर तीनदा म्हणालं.
खालचं दुकानही देऊन टाकू, एजंट म्हणाला,
बेकरी होती, मग मोबाइलवाला, मग कोणीच नाही.
जिन्यात एका शेजाऱ्याने अदबीने टोपी काढली.
टोपीखाली काही नव्हतं.
एजंटही तसाच, गुळगुळीत.

"चाळीसच तर डोकी," ती म्हणते,
"पण ती चाळीस आणू कुठून?"

परतीच्या गाडीत तिने मोजली:
होफहून निघताना डब्यात चार,
रेगेन्सबुर्गला सव्वीस,
म्युनिक येईस्तोवर उभं राहायला जागा नव्हती
आणि सगळ्यांचे केस वाढलेले.

मानेवरून ब्रश फिरतो. मागे आरसा धरते.
बरं आहे, मी म्हणतो,
विरळ होत चाललेत, ती म्हणते, सवयीने,
आणि मग गप्प होते.

पैसे देताना मीही हिशेब केला:
आज माझ्या डोक्यामागे
तिला या शहरात मिळाली
एक बिस्कीट मावेल एवढी जमीन.

खाली पडलेल्या माझ्या केसांनीच
त्याहून जास्त जागा अडवली होती.
तिने झाडू घेतला.