नारिंगी वायर

सबनीस मॅडमची गाडी हायब्रिड.
पारसिक हिल चढताना पेट्रोल पिते,
उतरताना ब्रेकचा एकेक घोट परत साठवते
मागच्या सीटखालच्या छोट्या बॅटरीत.
तिला भिंतीची गरज नाही.
सिग्नलला गप्प होते,
हिरवा पडला की पाच-पन्नास पावलं बिनआवाजाची,
मग पुढं कुठंतरी इंजिन खाकरतं:
आहे मी, आहे.

मृण्मयी पाटकरची नुसत्या विजेवरची.
बॉनेट उघडलं तर आत
एक छत्री, जिमचे बूट, डिंकाच्या लाडवांचा रिकामा डबा.
चाळीस वर्षांची सवय, हात आपसूक पुढं गेला
ऊब चाचपायला.
नव्हती.
ही रात्रभर सीवूड्सच्या तळघरात
खांबाला बांधलेली असते म्हशीसारखी,
सकाळी तट्ट भरून निघते.
मंगळवारी त्यांच्याकडची लाइट गेली,
तेरा टक्क्यांवर जुईनगरला माझ्या शटरपाशी आली.
काका, थोडी वीज मिळेल?
पेट्रोल उसनं दिलंय मी, नळीनं ओढून, बाटलीतून,
तोंडात चव राहायची दुपारभर.
वीज उसनी दिली तर
नुसता मीटर पळाला.

जुबेर विचारतो, उस्ताद, यातली खरी कुठली?
एकीला दोन घरं आहेत, म्हटलं,
दुसरीनं एकाच घराची चावी ठेवलीय.
खरंखोटं काय त्यात.
नारिंगी वायर दोघींच्याही पोटात.

महापेला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं.
नारिंगी दिसली की थांबा, सर म्हणाले.
आधी बॅटरी तोडा, दहा मिनिटं जाऊ द्या, रबरी मोजे घाला.
आणि फळ्यावर शेवटी:
पेसमेकर असलेल्यांनी हात लावू नये.
तीही ओळ मी वहीत उतरवली,
सुवाच्य अक्षरात.

डाव्या खांद्याखाली, तपकिरीच्या डबीएवढी.
हृदय आपलं जुनंच, चहा-भाकरीवर चालणारं,
अडखळलं की ही ढकलते.
उतारावर भरत नाही,
भिंतीला लावता येत नाही.
आठ-दहा वर्षं, डॉक्टर म्हणाले, मग बघू.

तर आता नारिंगीला जुबेर हात घालतो.
मी लांब स्टुलावर,
पाना कितीचा ते सांगत.
काम झालं की मोजे काढून
तो गाडीला कान लावतो, माझ्यासारखा.
अरे, हिचं काय ऐकू येणार?

तो बोट ओठांवर ठेवतो.