हेलकावा

हरिपूरच्या घाटावर कुंभोजकर सरांनी दुर्बीण लावली.
पीव्हीसीचा पाइप, वर्षभर घासून तयार केलेला आरसा,
तिवई मात्र शाळेच्या फळ्याची.
पौष. कृष्णेवरून गारठा येत होता
आणि पोरं रांगेत एकमेकांच्या टोप्या ओढत होती.

मी गिरणीतून थेट आलेलो.
माझ्या कानांत, भुवयांत, पाकिटातल्या नोटांतसुद्धा हळद असते.
आंघोळीचं तिसरं पाणीही पिवळंच जातं.

सर म्हणाले, मृगाच्या पायापाशी ताऱ्यांची एक नदी निघते,
तिच्या काठावरचा हा. एप्सिलॉन एरिडनी.
मागून कुणीतरी म्हणालं, "खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतंय."
नारिंगी बटू तारा,
आपल्या सूर्याहून थोडा लहान, थोडा थंड,
जळण पुरवून वापरणारा.

"बटू म्हंजे?" होडीनं विचारलं.
उंचीमुळं ती अजून पहिल्या बाकावर बसते.
रजिस्टरात सन्मती आहे, पण गल्ली होडीच म्हणते.

तिनं डोळा लावला. बराच वेळ लावला.
"ठिपकाच हाय की. ग्रह कुठाय?"

ग्रह दिसत नाही, सर म्हणाले.
तारा जरासा हेलकावतो. इकडं, मग तिकडं.
एका हेलकाव्याला सात वर्षं.
त्यावरून कळतं, जवळ काहीतरी जड आहे.

रांगेतली मोठी माणसं हसली.
मला हसू आलं नाही.
पॉलिशचे सहा ड्रम माझ्याकडं असतात.
बाहेर चहा पीत उभा असलो तरी सांगतो,
तीन नंबरात माल एका अंगाला बसलाय.
दार उघडावं लागत नाही.
घरघर एका जागी अडखळते, तेवढं पुरतं.

धुळीचे पट्टेही आहेत म्हणे त्याच्याभोवती,
वय कोवळं आहे अजून.
असू दे. आमच्याकडंही आधी धूळच निघते,
हळकुंडाला चमक शेवटी.

मग सर म्हणाले, आज दिसतोय तो उजेड
तिथून निघाल्याला साडेदहा वर्षं झाली.

मी बोटं मोजली नाहीत.
त्या पावसाळ्यात पेवांत पाणी शिरलं होतं,
जमिनीखालची हळद कुजून वर आली होती.
कमरेएवढ्या पाण्यात पद्मल माझ्यापुढं चालत होती.
दस्तगीरच्या बॅटरीत तिची फक्त पाठ दिसायची,
आणि दर पावलाला ती डावीकडं झुकून सावरत होती.
तिनं काही सांगितलं नाही. मला कळलं.
हळद शिजवायच्या काहिलीत तिला बसवलं,
कडेला ट्रकच्या दोन ट्यूब बांधल्या,
आणि मी अन् दस्तगीर पोहत ढकलत राहिलो.
शाळेच्या पायरीला काहील टेकायच्या आधीच
आतून रडणं आलं.

तेव्हाच, ढगांच्या पार पलीकडं,
हा उजेड निघाला असणार.
एकाच वयाची दोघं.

"तिथनं कुणी आत्ता आपल्याकडं बघितलं तर?"
तर त्यांनाही साडेदहा वर्षांपूर्वीचंच दिसेल, सर म्हणाले.
"म्हंजे मी अजून पोटात," होडी म्हणाली,
आणि रांगेत पुन्हा शेवटाला जाऊन उभी राहिली.

पद्मल आली नव्हती.
रात्री पाण्याकाठी ती थांबत नाही,
आणि मी कधी आग्रह करत नाही.

परत निघालो तेव्हा नऊ वाजून गेले होते.
होडी कॅरिअरवर, रस्त्यात खड्डे,
डायनामोचा उजेड पायडलबरोबर कमीजास्त.
बागेच्या वळणापासून सायकल मागं ओढू लागली,
हँडल हलकं झालं, चाक जरासं उजवीकडं जात राहिलं.
मी वळून बघितलं नाही.
मान वर करून ती आभाळाकडं रेललेली होती.