शोकठराव, मसुदा तिसरा

विषय क्रमांक चार.
फ्लॅट नंबर सातच्या कै. वत्सला कोंढरे
यांच्या निधनाबद्दल ही सभा दुःख व्यक्त करते.

इथवर जमलं.
पुढे लिहिलं, 'त्या मनमिळाऊ होत्या',
आणि खोडलं.
मनमिळाऊ कसल्या!
माझ्याशी सात महिने अबोला धरला होता,
आणि त्याच सात महिन्यांत रोज अकरा वाजता
माझ्या आईला पेपर वाचून दाखवायला यायच्या.
आईला दिसत नव्हतं, कान तिखट होते.
तरी बाई मोठ्याने वाचायच्या,
आतल्या खोलीत मला ऐकू जावं म्हणून,
अग्रलेखासकट.

टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी.
अर्ध्या पुण्याचे नंबर तोंडपाठ,
कुणाचा रक्तगट कुठला तेही.
रात्री दोनला ससूनमधून निरोप आला
की सहकारनगरात कुणाची तरी झोप मोडणार
हे ठरलेलं.

बहात्तर साली बिनपगारी रजा टाकली,
नवऱ्याच्या दोन पँटी कंबरेत आवळून घेतल्या
आणि उत्तरकाशीला बर्फात चढायला शिकून आल्या.
सासूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, काय आणलंस?
गंगाजल, म्हणाल्या.
खरंच आणलं होतं, एक तांब्या.
बाकीच्या पिशवीत तीस मीटर दोर.

आता त्या दोराचं.
पर्वतीच्या मागच्या उतारावर
खालच्या नळापासून वरच्या ओळीतल्या घरांपर्यंत
तेव्हा फक्त निसरडी पाऊलवाट होती.
डोक्यावर हंडा, कडेवर पोर
आणि धरायला हवा.
एका रविवारी बाईंनी तिथे तीन पहारी ठोकल्या,
दोर ताणला, स्वतः लोंबकळून पाहिला,
वरच्या रखमाबाई ओव्हाळांना लोंबकळायला लावलं,
मग म्हणाल्या, चालेल.
चौदा वर्षं चालला.
मधे दोनदा बदलला, स्वतःच्या पगारातून.
शेवटी महापालिकेच्या पायऱ्या झाल्या.
नारळ फुटला, भाषणं झाली,
आणि बाई मागे उकिडव्या बसून
गाठी सोडवत होत्या,
एकही न कापता.

हे ठरावात बसेल का?
बसवतो.

अबोल्याचं मात्र लिहायलाच हवं,
इतिवृत्तात मी ते लिहिलेलं नाही.
गच्चीवरची टाकी. कंत्राटदार चार हजार मागत होता.
बाई म्हणाल्या, चार हजार कशाला, मी उतरते.
वय त्रेसष्ट.
कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं:
'सेक्रेटरी, धरा.'
मी धरला.
तेवढ्यात माझा फोन वाजला.

फार नाही, एकच हात सोडला होता.
आतून धप्प आवाज, मग शांतता,
मग ब्रशचा खरखर आवाज, पुन्हा सुरू.
वर आल्या तेव्हा कोपर सोललेलं.
टाकी लख्ख.
माझ्याकडे बघितलंदेखील नाही.

परवा ससूनची गाडी आली. देहदान.
ना खांदा, ना वैकुंठ, ना दहावा.
कावळ्याला कुठे बोलवायचं हेच कुणाला कळेना.
पर्वतीच्या मागून तीस-चाळीस बायका आल्या होत्या,
गाडीची काच पुसत राहिल्या,
धूळ नव्हती तरी.

काल भाचीने नंबर सात उघडला.
माझ्या नावाची पिशवी निघाली.
दोर. आठच्या आकारात गुंडाळलेला,
वर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर
पेन्सिलीने एक ओळ:
'दोन्ही हातांनी.'

तेव्हा मनमिळाऊ वगैरे राहू द्या.
ठराव असा:

पाण्याची टाकी येत्या रविवारी, सकाळी सातला,
सेक्रेटरी स्वतः आत उतरून धुतील.
त्यांचं वय एकोणसत्तर आहे, याची सभेने नोंद घ्यावी.
वर दोर धरायला एक सभासद हवा.
फोन घरी ठेवून यावं.

सूचक: मी.
अनुमोदक: