कुत्र्याचा परवाना

पहिल्यांदा तो उभा राहिला शहाऐंशी साली.
ऑरेल थेरियो, कागदगिरणीतला इलेक्ट्रिशियन,
रात्रपाळी संपवून थेट दारोदार,
कपड्यांना गंधकाचा वास,
हातात भावाने छापलेली पत्रकं, शाई अजून ओली.
म्हाताऱ्यांशी फ्रेंचमध्ये बोलला, तरुणांशी इंग्रजीत,
कुत्र्यांशी दोन्ही भाषांत.
पडला. अकरा मतांनी.
त्या रात्री बर्फही पडला, नोव्हेंबरातला, भुरभुरता.
टाऊन हॉलची पायरी झाडता झाडता मी म्हटलं,
पुन्हा उभे राहा.
म्हणाला, आधी या पायरीवर तर उभा राहून दाखवतो.

अठ्ठ्याऐंशीत आला. चार मतांनी.
फेरमोजणीला वेंडेल क्रॉकरचा वकील बँगोरहून आलेला,
एकेक मतपत्रिका उजेडाला धरत होता,
अंडी पारखावी तशी.
एकीवर चौकोन सगळे कोरे, आणि खाली पेन्सिलीने:
"वादळात माझी वीज ऑरेलने जोडली."
ते मत बाद.
म्हणून चार. नाहीतर पाच.

मग नव्वद, ब्याण्णव, चौऱ्याण्णव:
माझ्या वहीत तेच नाव, तेच अक्षर.
अधिवेशन असलं की सोमवारी पहाटे तीनला ऑगस्टाला निघायचा,
पाच तासांची वाट, मधेच रस्त्यात मूस उभे.
"यांना कुणी बसवत नाही," म्हणायचा.
काय केलं त्याने, म्हणाल तर
पुलाला कठडा.
त्या कर्णबधिर पोरासाठी, पेलतियेंच्या, शाळेची बस.
बटाटाकाढणीची सुट्टी तीन आठवडे राहिली, तीही त्याच्यामुळे.
मांडलेली विधेयकं सदुसष्ट, पास झालेली नऊ,
त्यांतल्या एकावर त्याचं आडनाव चुकीचं छापलंय.
अजून तसंच आहे.

शहाण्णवच्या वसंतात शाळांचं विधेयक आलं.
लहान शाळा मोठ्यांत मिळवायच्या.
आमची लहान होती.
त्याने "हो" म्हटलं.

गावसभेला येऊन त्याने सांगून पाहिलं:
वरच्या वर्गात सात मुलं,
विज्ञानाला दोन वर्षं मास्तर नाही.
कुणीतरी माइकची वायर उपटली.
ऑरेलने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला,
गुडघ्यावर बसून वायर नीट जोडली,
लोकांचं ओरडून होईपर्यंत थांबला,
आणि तेच पुन्हा सांगितलं.
शब्द एकही बदलला नाही.
मला वाटतं, लोकांना तेच जास्त लागलं.

नोव्हेंबरात आकडे मीच वाचले.
चारशे बारा मतांनी.
शेजारच्या तीन गावांत तो पुढे होता,
आमच्याच गावाने पाडला.
जर्मेनने नवऱ्याचा कोट खुर्चीवरून उचलला
आणि घडी घालत बसली. कोटाची घडी कोण घालतं?

मी कुणाला दिलं?
क्लार्कने सांगायचं नसतं. सांगितलेलं नाही.
माझा धाकटा त्या शाळेच्या शेवटच्या तुकडीत होता,
एवढंच.

जानेवारीत तो आला. खिडकीशी उभा राहिला,
बरोबर कुत्री, बुटांवर मीठ.
परवाना हवा होता.
नाव बिजू. मादी. वय पाच. रंग काळापांढरा.
पैसे त्याने मोजून आणले होते, सुट्टे.
"गावात किती कुत्री नोंदलीत?"
दोनशे चौदा, मी म्हटलं.
"अरे," तो म्हणाला, "इथेच प्रचार करायचा राहिला."
मला हसू आलं, मग आलेलं ते कुठे ठेवावं कळेना.
शिक्का मारला. पावती फाडली.

तो जाईना. वर बघत होता.
माझ्या टेबलावरची ट्यूब थँक्सगिव्हिंगपासून लुकलुकत होती,
मी अर्ज केला होता, मंजुरी यायची होती.
"चोक गेलाय," म्हणाला,
आणि आत आला, बूट काढले,
मतमोजणीच्या वेळची ती डुगडुगती खुर्ची ओढली.
"खुर्ची धर," म्हणाला.

मी धरली.
दोन्ही हातांनी धरली.